कॅमेरा बंद करून बसलेल्या मैत्रिणीस

ताई, नमस्कार.

मी ३९ वर्षांची, एका बँकेत अधिकारी. तालुक्याच्या गावी सासूबाई आणि दोन मुलांसोबत राहते. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी येतो. मला दारूचं व्यसन आहे. एवढं वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. मुंबईच्या पोस्टिंगमध्ये सुरुवात झाली. इथे बदली झाल्यावर स्टीलच्या पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून रोज रात्री घ्यायला लागले. गेल्या वर्षी नवऱ्यानेच पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. सासूबाईंना 'मणक्याचे उपचार' म्हणून सांगितलं.

घरी आल्यापासून ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या, ऑनलाईन मीटिंगला बसते. रोज रात्री साडेआठला, अंगणात लावलेल्या गाडीत. बुधवारी फक्त बायकांची असते. घरी सांगते, बँकेचं ट्रेनिंग आहे. सात महिने एक थेंब घेतला नाही. सहा महिने झाले तेव्हा स्क्रीनवर सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या, मी खूप रडले.

गेल्या महिन्यात कोकणात माहेरी वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. तिथे रेंज नाही, तीन दिवस मीटिंग झाली नाही. श्राद्धाच्या रात्री भावाच्या कपाटातली बाटली काढली. दुसऱ्या रात्रीही घेतली. त्याला आज १९ दिवस झाले, पुन्हा घेतलेली नाही. पण मीटिंगमध्ये कुणालाच सांगितलेलं नाही. कॅमेरा बंद ठेवते, 'नेटवर्क नाही' असं लिहिते, पाच मिनिटं ऐकून बाहेर पडते. नागपूरच्या एक ताई रोज सकाळी मेसेज करतात, त्यांनाही उत्तर देत नाही. केंद्रातून दिलेल्या गोळ्या मी दोन महिन्यांपूर्वीच बंद केल्या, कारण सासूबाई विचारायच्या कसल्या म्हणून. नवऱ्याला स्लिपबद्दल, म्हणजे पुन्हा घेतल्याबद्दल, सांगितलं. तो ओरडला नाही, पण म्हणाला, 'मोबाईलवर कुठे दारू सुटते का?' समोरासमोरच्या मीटिंगला जायचं तर ५५ किलोमीटर, तिथे सगळे पुरुष, आणि त्यात आमच्या बँकेचा एखादा खातेदार असला तर?

ऑनलाईन असं काही खरंच टिकतं का? की सात महिने मी स्वतःलाच फसवत होते?

– स., एक तालुक्याचं गाव

प्रिय स.,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. सात महिने तुम्ही स्वतःला फसवत नव्हता. दोनशेहून जास्त रात्री त्या स्टीलच्या बाटलीत पाणीच होतं. त्या रात्री मुलांनी हाक मारली तेव्हा ओ देणारी आई शुद्धीवर होती. माहेरच्या दोन रात्रींनी यातलं काही खोटं ठरत नाही. दारू थांबली की यकृतावरची चरबी काही आठवड्यांतच उतरू लागते, झोप सुधारते, रक्तदाब खाली येतो. सात महिने शरीराने कमावलेलं दोन रात्रींत सगळं जात नाही.

तुमच्या पत्रातली मला बोचलेली गोष्ट दुसरीच आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाहीत. हे १९ दिवस तुम्ही मीटिंगला असता आणि नसताही. वर्षभरापूर्वी ती स्टीलची बाटली जे काम करायची तेच आता बंद कॅमेरा करतो आहे. आत काय आहे ते बाहेरून कळू नये. व्यसनाला काही दिवस प्यायला मिळालं नाही तरी ते तग धरून राहतं, त्याला लपायला जागा तेवढी हवी असते. ज्या मोबाईलने तुम्हाला सात महिने धरून ठेवलं, त्यानेच ही जागाही करून दिली. मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

त्याआधी डॉक्टरांचा भाग उरकून घेऊ, कारण तो मीटिंगच्या हातातला नाही. १९ दिवस झाले आहेत, त्यामुळे दारू बंद केल्याच्या त्रासाची वेळ टळून गेली. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. सात महिन्यांत तुमच्या शरीराची दारू झेलायची सवय गेली आहे. जुन्या मापाने घेतली तर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त धोका होईल. दुसरं, पुढे कधी पुन्हा रोजचं पिणं सुरू झालंच, तर ते एकटीने, घरच्या घरी, 'आजपासून बंद' असं म्हणून थांबवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम होऊन माणूस जिवावर बेतेल अशा अवस्थेत जाऊ शकतो. त्या वेळी लागतं हॉस्पिटल. मीटिंगमधला कुणी कितीही जुना मेंबर असला तरी त्याने 'मी अशीच सोडली' असं सांगितलं म्हणून त्याच्या मागे जाऊ नये.

आणि गोळ्या. त्या तुमच्या मनाने बंद झाल्या आणि दीड महिन्याच्या आतच स्लिप झाली. तेच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण या आठवड्यात केंद्राच्या डॉक्टरांना फोन करून दोन्ही गोष्टी सांगा. ओढ कमी करणाऱ्या गोळ्या वेगळ्या, आणि दारू घेतली तर त्रास व्हावा म्हणून देतात ती डायसल्फिराम वेगळी. तुमच्याकडची कोणती, आता कशी सुरू करायची, हे तेच सांगतील. उरलेल्या पट्टीतली गोळी काढून आपली आपण सुरू करू नका. सासूबाईंनी विचारलं तर 'डॉक्टरांनी दिल्यात, रोज घ्यायच्या आहेत' एवढं उत्तर पुरे. ते खरंही आहे.

आता तुमच्या नवऱ्याचा प्रश्न. मोबाईलवर कुठे दारू सुटते का? त्यांना एक गोष्ट सांगा.

मे १९३५. अमेरिकेत ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन नावाचा माणूस तिथे एका व्यवहारासाठी आला होता. व्यवहार फिसकटला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो फेऱ्या मारत होता. एका बाजूला बार, आतून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शेजारी शहरातल्या चर्चांची यादी. तो टेलिफोनकडे वळला. एका पाद्रीबाबांकडून पुढचे नंबर मिळत मिळत तो हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंपर्यंत पोचला. आपण दारुडे आहोत आणि आपल्याला दुसऱ्या दारुड्याशी बोलायचं आहे, हे त्याने फोनवर सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी त्याची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी गाठ घालून दिली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, बोलणं पाच तासांच्या वर चाललं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस तिथे सुरू झालं, आणि त्याची सुरुवात एका अनोळखी घरी वाजलेल्या फोनने झाली.

गोष्टीचा पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. डॉक्टर बॉब काही आठवडे प्यायले नाहीत. मग डॉक्टरांच्या एका अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला निघाले आणि रेल्वेतच प्यायला सुरुवात केली. परत आले तेव्हा काही लपवण्यासारखं उरलंच नव्हतं. बायको ॲन आणि घरी राहायला आलेला बिल, दोघांनी त्यांना सावरलं. काही दिवसांनी त्यांना एक ऑपरेशन करायचं होतं. हात स्थिर राहावा म्हणून सकाळी बिलनेच त्यांना एक बिअर दिली. डॉक्टर बॉब यांच्या आयुष्यातली ती शेवटची. तो दिवस १० जून १९३५ मानतात, आणि ए.ए. आपला स्थापना दिवस म्हणून तोच पाळतं. जगभर लोक जी तारीख साजरी करतात, ती स्लिप झालेल्या आणि ती स्लिप लपवू न शकलेल्या माणसाची आहे.

पुढे जिथे मीटिंग पोचत नव्हती तिथेही माणसांनी वाट काढलीच. महिनोन् महिने बोटीवर असणारे खलाशी, आसपास दुसरा मेंबर नसलेले एकटे लोक, इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून एकमेकांना पत्रं लिहून सोबर, म्हणजे दारूपासून दूर, राहत आले. भारतात ए.ए. १९५७पासून आहे. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शाळांच्या वर्गांत, चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मीटिंगा आठवड्याभरात मोबाईलवर आल्या. त्या वेळी मला वाटलं होतं की हे चार महिने चालेल आणि विरून जाईल. मी चुकले. खोल्या उघडल्यावरही अनेक गट ऑनलाईनच राहिले, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने आहेत. ज्या बाईला संध्याकाळी सातला 'जरा मीटिंगला जाऊन येते' म्हणण्याची सोय नव्हती, तिच्यासाठी मीटिंगच गाडीत येऊन बसली.

तुमचे यजमान आकडे मागणाऱ्यांतले असतील तर तेही देते. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं एकत्र धरून आढावा घेतला. रुग्णाला ए.ए.शी पद्धतशीर जोडून देणारे उपचार ज्यांना मिळाले, त्यांच्यातले सुमारे ४२ टक्के लोक वर्षभरानंतरही दारूपासून पूर्ण दूर होते. इतर उपचारांत ते प्रमाण ३५ टक्के होतं. हे बहुतांशी समोरासमोरच्या मीटिंगांबद्दलचं आहे, हेही सांगायला हवं. निव्वळ मोबाईलचं म्हणाल तर अमेरिकेत केंद्रातून घरी जाणाऱ्या ३४९ जणांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत एक ॲप असलेला फोन दिला होता. त्यात मदतीसाठी एक बटण होतं, आणि जुन्या प्यायच्या जागेजवळ माणूस गेला तर फोन त्याला सावध करायचा. फोन मिळालेल्यांचे महिन्यातले जोखमीच्या पिण्याचे दिवस सरासरी १.३९ निघाले, न मिळालेल्यांचे २.७५. आकडा छोटा वाटेल, पण महिन्यातली एखादी रात्र टळणं म्हणजे काय असतं, हे घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मात्र ते बटण दाबल्यावर पलीकडे कुणीतरी माणूस होतं. तुमच्या बाबतीत आपण आता तिथेच येतो.

मी ए.ए.च्या खुल्या मीटिंगांना खूप वर्षं जाते आहे. खुल्या म्हणजे घरच्यांना, आमच्यासारख्या समुपदेशकांनाही बसता येतं अशा. खोलीतल्या मीटिंगमध्ये बोलणं तासाभरात संपतं, पण लोक हलत नाहीत. बाहेर चहा होतो. कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाच्या हातात कुणीतरी कप देतं आणि विचारतं, 'काय रे, आज काही बोलला नाहीस?' शेअरिंगमध्ये, म्हणजे मीटिंगमध्ये आपापलं सांगताना, न निघालेली गोष्ट त्या चहावर निघते. ऑनलाईन मीटिंगमध्ये हा चहाच नाही. प्रार्थना संपते, बोट लाल बटणावर जातं, आणि एका क्षणात तुम्ही अंधाऱ्या गाडीत एकट्या असता. ती दहा मिनिटं फार नाजूक असतात. म्हणून बुधवारच्या मीटिंगमध्ये जी चेअर करते, म्हणजे मीटिंग चालवते, तिला विचारा की संपल्यावर दहा मिनिटं खोली उघडी ठेवाल का. ते जमलं नाही तर गाडीतून उतरण्याआधी एकीला तरी फोन करा. पाच मिनिटं बोला, स्वयंपाकाबद्दल बोललात तरी चालेल.

हीच गोष्ट कोकणातल्या त्या रात्रीला लावून बघा. त्या दिवशी काय काय झालं असेल? पहाटेपासून स्वयंपाक, भटजी, पाहुणे. पानं दुपारी उशिरा वाढली गेली, तुम्ही जेवायला बसलात तेव्हा तीन वाजून गेले असतील. आदल्या रात्रीचा प्रवास. वडील नसलेलं घर पहिल्यांदा इतकं भरलेलं, आणि त्या गर्दीत तुमचं गुपित माहीत असलेलं एकही माणूस नाही. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांवर नजर ठेवा, असं केंद्रात शिकवलं असेलच. तुमच्याकडे त्या रात्री निदान तीन तरी एकत्र आले होते, आणि जोडीला दुःख. रेंज नव्हती म्हणून मीटिंग नव्हती, हे खरं. पण ज्या गावात डेटा चालत नाही तिथेही बऱ्याचदा साधा फोन लागतो. अंगणाच्या एका कोपऱ्यात, विहिरीपाशी, वरच्या आळीतल्या घरी, लागतो कुठेतरी. बिल विल्सनकडे तरी दुसरं काय होतं? तुमच्याकडे मात्र मीटिंगची लिंक होती, माणसाचा नंबर नव्हता. किंवा होता आणि लावावासा वाटला नाही.

ओढ आली की वाटतं, आता ही अशीच रात्रभर वाढत राहणार. तसं होत नाही. ती चढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरायला लागते. तेवढा अर्धा तास कुणीतरी कानाशी बोलत राहिलं पाहिजे. म्हणून पुढच्या वेळी गाव सोडताना तीन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. एक नागपूरच्या ताईंचा, एक नवऱ्याचा, आणि तिसरा १४४१६. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. व्यसनासाठीची वेगळी राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६ आहे, तीही मोफत. रात्री तीनला जाग आली आणि रेंज असेल तर इंग्रजी मीटिंगही मिळते, कारण न्यूयॉर्कला तेव्हा संध्याकाळ असते. परक्या उच्चारांतलं दुसऱ्याचं रडगाणंही त्या वेळी पुरतं, असं मला अनेकींनी सांगितलं आहे.

भावाशी बोला, निदान कपाटाबद्दल. 'मी आले की घरात बाटली नको, डॉक्टरांनी सांगितलंय' एवढं तरी.

आता तुमची भीती, ओळखलं जाण्याची. ती मी हलक्यात घेत नाही. पुरुष प्यायला तर 'संगतीने बिघडला' म्हणतात आणि बाई प्याली तर तिच्या चारित्र्यावर जातात. आपण अशाच गावांत राहतो. २०१९ साली केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीत दारू घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १.६ टक्के निघालं. ऐकायला किरकोळ, पण एवढ्या मोठ्या देशात त्या लाखो जणी होतात. त्याच पाहणीत असंही दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठली तरी मदत मिळते. तुम्ही गाडीत बसून का होईना, त्या एकात आहात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी निशिगंध नावाचा स्वतंत्र विभाग आहे. एखाद्याच बाईसाठी कुणी वेगळा विभाग काढत नाही, हे मनाशी असू द्या.

तरी काळजी घ्यायची ती घ्याच. स्क्रीनवर आडनाव नको, नुसतं नाव पुरे, तेही बदललेलं चालतं. मोबाईलच्या खात्यावर तुमचं पूर्ण नाव आणि बँकेच्या कार्यक्रमातला फोटो असेल तर आज रात्रीच बदला, बऱ्याच जणी यातच सापडतात. हेडफोन लावा. गाव, शाखा, मुलांची शाळा बोलू नका, त्याशिवाय शेअरिंगचं काही अडत नाही. जिथे कुणीही लिंक दाबून आत येऊ शकतं अशा खुल्या मीटिंगमध्ये ऐकायला बसा. मनातलं बोलायचं ते बुधवारच्या बायकांच्या मीटिंगमध्ये, जिथे दाराशी कुणीतरी नाव बघून आत घेतं. 'इथे पाहिलं-ऐकलं ते इथेच राहू दे' हा ए.ए.चा नियम लोक मनापासून पाळतात, पण स्क्रीनचा फोटो काढणारा हात नियमाने थांबतोच असं नाही. तेवढी जोखीम आहे. ती मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मीटिंग झाल्यावर एखादा पुरुष मेंबर खासगीत 'मी तुमचा स्पॉन्सर (नव्या मेंबरला वाट दाखवणारा जुना मेंबर) होतो' म्हणून मेसेज करायला लागला तर उत्तर देऊ नका. स्पॉन्सर बाईच हवी, आणि ती तुम्ही निवडायची. ए.ए.ला फी नसते, ज्याला जमेल तो ऐच्छिक वर्गणी देतो. त्यामुळे 'ऑनलाईन कोर्स'चे पैसे मागणारे, रुग्णाला न सांगता चहात घालायचं चूर्ण विकणारे, यांचा ए.ए.शी काही संबंध नाही. माणसाला नकळत औषध देणं तर जिवावर बेतू शकतं.

तुमचा कॅमेरा कायम सुरूच असला पाहिजे, असं मी म्हणत नाही. कुणाकुणाला अख्खं वर्ष चेहरा दाखवायचं धैर्य होत नाही आणि तरी त्या सोबर असतात, कारण पलीकडे निदान एक माणूस त्यांचा आवाज ओळखतं आणि तो दोन दिवस आला नाही तर फोन लावतं. कॅमेरा बंद, आवाज बंद, मेसेजला उत्तर नाही, असं तिन्ही झालं की मग मात्र मीटिंग नुसता रेडिओ होते. तुम्ही सध्या रेडिओ ऐकता आहात.

समोरासमोरच्या मीटिंगलाही तुम्ही जावं असं माझं मत आहे, फक्त मला घाई नाही. ५५ किलोमीटर रोज शक्य नाही, आठवड्यालाही नाही. महिन्यातून एका शनिवारी, नवरा आलेला असताना, दोघं मिळून खुल्या मीटिंगला जा. आधी त्या गटाच्या नंबरवर फोन करून विचारा की कुणी बाई मेंबर येते का, कुणा मेंबरची पत्नी येते का. खातेदार भेटलाच तर तोही त्याच कारणासाठी तिथे आलेला असेल, आणि सोमवारी काउंटरवर तुमच्याइतकाच गप्प राहील. पहिल्यांदा पाय जड होतील. जाऊन आल्यावर ठरवा पुन्हा जायचं की नाही.

नवऱ्याला यात आणखी एका कारणासाठी घ्या. ते ओरडले नाहीत, याची मला कदर आहे. पण ज्या माणसाने बायकोला केंद्रात नेलं, घरी खोटं सांगितलं आणि आठवड्याचे पाच दिवस पुण्यात एकट्याने काळजी केली, त्याचं कुणी ऐकलं आहे का? घरच्यांसाठी अल-अनॉन १९५१पासून आहे, त्याच्या मीटिंगाही ऑनलाईन होतात. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी सहचरी हा गट आहे. बायको रुग्ण आणि नवरा सहचर, असं आपल्याकडे अजून फारसं कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून त्यांना जास्तच एकटं वाटत असेल. 'मोबाईलवर कुठे दारू सुटते' या वाक्यात मला तरी राग कमी आणि भीती जास्त ऐकू आली.

सासूबाईंना सगळं सांगा असं मी म्हणणार नाही. त्या कशा आहेत ते तुम्हाला माहीत. पण 'बँकेचं ट्रेनिंग' हे रोजचं खोटं बंद करा. दररोज रात्री एक खोटं बोलून गाडीत शिरायचं आणि आत जाऊन खरं बोलायचं, ही कसरत फार दिवस झेपत नाही. त्यांना म्हणा, 'आई, दवाखान्यातून आल्यापासून माझी रोज तासाभराची बैठक असते, डॉक्टरांनी सांगितलेली. ती चुकवून चालत नाही. त्या वेळात मुलांकडे तुम्ही बघाल का?' यात खोटं काही नाही आणि उघडही काही होत नाही. शिवाय मुलांकडे बघायचं काम त्यांच्यावर सोपवलंत की त्या दाराआडून ऐकण्यापेक्षा त्या कामात जास्त रमतील.

राहिला दिवसांचा हिशेब. ए.ए.मध्ये कुणी हजेरीपुस्तक ठेवत नाही, तुमचे दिवस तुम्हीच मोजायचे. माझं मत विचाराल तर बुधवारी आकडा खरा सांगा, माहेरच्या त्या दुसऱ्या रात्रीनंतरचा. पत्र लिहिताना १९ होता, तुम्ही हे वाचाल तेव्हा वाढलेला असेल. लांबलचक सांगायची गरज नाही. 'मी माहेरी दोन रात्री प्याले. तुम्हाला सांगायची लाज वाटली म्हणून कॅमेरा बंद ठेवत होते. आज माझे इतके दिवस झाले आहेत.' एवढं बोला आणि थांबा. मग काय होईल ते मी बऱ्याच खोल्यांत पाहिलं आहे. क्षणभर शांतता होते, आणि मग कुणीतरी बाई माईक सुरू करून स्वतःच्या स्लिपची तारीख सांगते. कुणी उपदेश करायला लागलंच तर चेअर करणारी थांबवते. नाही थांबवलं तर तो गट सोडून दुसरा शोधा, बायकांचे गट एकाहून जास्त आहेत.

बुधवार लांब वाटत असेल तर त्याच्या आधीचं एक काम आहे. नागपूरच्या त्या ताई उद्या सकाळीही मेसेज करतील. तुम्ही इतके दिवस उत्तर दिलं नाहीत, तरी त्यांनी पाठवणं सोडलेलं नाही. त्यांना काहीतरी समजलेलं असणार. उद्या त्यांना उत्तर द्या. 'ताई, माझी स्लिप झाली होती. रात्री साडेआठच्या आधी पाच मिनिटं फोन करू का?' एवढंच लिहा आणि पाठवल्यावर फोन उलटा करून ठेवू नका.

तुमची,
ताई